सॉफ्टवेअर अभियंत्याचा दिवस : समज आणि वास्तव

सॉफ्टवेअर अभियंता म्हणजे वातानुकूलित कार्यालयात दिवसभर कळफलक बडवणारा मनुष्य, असा समज आपल्या अनेक पालकांच्या मनात रूढ आहे. या व्यवसायात स्थिरावलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना वस्तुस्थिती मांडणे अगत्याचे वाटते, कारण या समजावर मुलांचे निर्णय अवलंबून असतात.

दिवसाचा आरंभ बहुधा छोट्या बैठकीने होतो. ‘स्क्रम’ पद्धतीत ती पंधरा मिनिटांची असते. काल काय झाले, आज काय करायचे आणि कोठे अडले, एवढेच सांगायचे. त्यानंतरचे कित्येक तास वाचनात जातात. दुसऱ्याने पूर्वी लिहिलेला प्रोग्राम समजून घ्यावा, दोष शोधावा आणि कदाचित चारच ओळी बदलाव्यात. त्या ओळीही सहकाऱ्यांनी तपासल्यावरच स्वीकारल्या जातात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणाली ठेवते.

आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात वेळेची वाटणी सांगितली आहे : एक तृतीयांश नियोजनास, एक षष्ठांश प्रत्यक्ष लेखनास आणि उरलेला अर्धा चाचण्यांस. साधने बदलली, तरी विचार आणि तपासणी यांचे महत्त्व आजही तेच आहे.

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात सायंकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. त्यामुळे परदेशी ग्राहकांच्या बैठका नेमक्या जेवणाच्या वेळी येतात. मुलगा किंवा मुलगी तेव्हा फोन उचलत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

घरातील पहिल्या शिकलेल्या पिढीची खरी अडचण मात्र वेगळी आहे. प्रश्न विचारला तर अज्ञान उघडे पडेल, या भीतीने आपली मुले बैठकीत गप्प राहतात. लपवलेली अडचण दोन दिवसांनी संपूर्ण गटाचे काम थांबवते. वेळीच विचारलेला प्रश्न ते वाचवतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : महागड्या शिकवणीआधी मुलांना सावकाश वाचण्याची, नेमके लिहिण्याची आणि न लाजता विचारण्याची सवय लावा. त्यासाठी घरी संगणक असण्याचीही गरज नाही.