पातं काढण्याआधी बॅटरी काढा

वायरवाल्या मशिनचं एक बरं होतं. पातं बदलायचं म्हटलं की हात आपसूक प्लगकडे जायचा. बॅटरीवरच्या रेसिप्रो करवतीला वायरच नाही, त्यामुळे ट्रिगर सोडला की मशीन बंद झालं, असं चांगले जुने कारागीरही धरून चालतात.

एका जुन्या सोसायटीत सागवानी चौकटी काढताना आमच्या मिस्त्रीचं तेच झालं. चौकट आणि भिंतीच्या फटीत पातं घालून तो होल्डफास्ट कापत होता. पातं आवळलं आणि पार बुडाशी तुटलं. तुकडा कॉलरमध्येच राहिला. मशीन मांडीवर घेऊन तो स्क्रू-ड्रायव्हरनं उकरायला बसला, बॅटरी तशीच लावलेली. गुडघा ट्रिगरला लागला आणि दांडा सटकन पुढे आला. नख गेलं, अंगठा वाचला. आता आमच्या साइटवर बॅटरी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्याशिवाय पात्याला कुणी हात लावत नाही. ट्रिगरचं लॉक असतं, पण घाईत ते लावायचं हमखास राहतं.

काही मशिनांत एक गोची आहे. दांडा आत जाऊन थांबला तर कॉलर नीट हाताला येत नाही. मग बॅटरी लावून ट्रिगर किंचित दाबायचा, दांडा बाहेर आला की सोडायचा आणि बॅटरी पुन्हा काढायची. कंटाळा केला जातो तो नेमका इथे.

अडकलेल्या तुकड्याशी कुस्ती नको. कॉलर पूर्ण फिरवून धरा आणि मशिनचं तोंड खाली करून हलवा. बहुतेकदा तुकडा गळून पडतो. नाही पडला तर लांब तोंडाच्या पकडीनं ओढा. कॉलरच फिरत नसेल तर प्लास्टरची धूळ आत बसलीय असं समजा. ती ब्रशनं झाडायची, डोळ्यांना चष्मा लावून हवा मारायची आणि मग सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा. ग्रीस नको, त्यात भुसा कालवला जाऊन लगदा होतो. आणि नुकतंच लोखंड कापलेलं पातं उघड्या बोटांनी धरायचं नाही, फोड येतो.

मुळात पातं तुटतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, पुढचा शू कामाला घट्ट टेकवलेला नसतो, मग मशीन झटके खातं. दुसरं, पातं चुकीचं. होल्डफास्टची पट्टी पाच-सहा मिलिमीटर जाड. जाडीवर एका वेळी तीन तरी दाते यायला हवेत, म्हणजे इंचाला १४ दात्यांचं पातं लागतं. लाकडाचं ५-६ दात्यांचं पातं तिथे घातलं की दाते उडालेच. खिळे असलेल्या लाकडाला बाय-मेटल घ्यावं. त्याची पाठ लवचीक पोलादाची आणि दाते हाय-स्पीड स्टीलचे असतात. लोखंडावर वेग कमीच ठेवा, नाहीतर दाते तापून त्यांचं पाणी उतरतं.

बोथट झालेलं पातं लगेच फेकू नका. बऱ्याचदा शूजवळचेच दाते झिजलेले असतात. शू पुढे सरकवता येत असेल तर सरकवा, पुढचे ताजे दाते कामाला येतात. लाकडाचा चीक रॉकेलच्या फडक्यानं निघतो. पावसाळ्यात पात्यांना तेलाचा हात द्यावा. मात्र कॉलरमध्ये घालण्याआधी बूड कोरडं पुसून घ्यायचं.