मर्यादवेल : वाळूतील बागेची राखणदार

कोकणात समुद्राला लागून घर बांधणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो अंगणाचा. पायाखाली वाळू, वाऱ्यात मीठ, चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने कडक ऊन. अशा जागी हिरवळ असावी या हौसेने तांबडी माती आणून टाकली जाते, वर लॉन लावले जाते आणि त्यास रोज विहिरीचे गोडे पाणी दिले जाते. किनाऱ्यावरील वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. एका लॉनसाठी घरची विहीर व शेजारची नारळाची वाडी दोन्ही धोक्यात येतात.

यावरचा उपाय किनाऱ्यावरच वाढत असतो. भरतीची रेषा संपते तेथे वाळूवर पसरलेली जांभळ्या-गुलाबी फुलांची वेल म्हणजे मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखविणारी म्हणून हे नाव तिला शोभते. दोन भागांत दुभंगलेले तिचे पान आपट्याच्या पानाची आठवण करून देते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना त्यात शेळीचे खूर दिसले आणि ‘आयपोमिया पेस-काप्री’ हे शास्त्रीय नाव रूढ झाले. रताळ्याच्या कुळातील या वेलीची नरसाळ्यासारखी फुले सकाळी उमलतात व दुपारपर्यंत कोमेजतात.

वाळू कशी धरली जाते?

वेलीचे खोड जमिनीवर कित्येक मीटर धावते व पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडते. पानांच्या जाळीत वाऱ्याचा वेग मंदावतो आणि त्याबरोबर आलेली वाळू तेथेच पडते. वेल गाडली गेली तरी तिचे शेंडे पुन्हा वर येतात. असे वर्षानुवर्षे घडून वाळूची टेकडी तयार होते. पुढे ‘रावणाच्या मिशा’ हे गवत व केवडा तिला आणखी बळकटी देतात. जाड, मांसल पाने खारा वारा सोसतात. बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जातात व तरीही उगवण्यास समर्थ राहतात. म्हणूनच उष्ण कटिबंधातील बहुतेक किनाऱ्यांवर ही वेल आढळते.

लागवड

जागा भरपूर उन्हाची व निचऱ्याची असावी. सावलीत फुले येत नाहीत व चिकणमातीत मुळे कुजतात. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, म्हणून लागवड लाटा पोहोचत नाहीत अशा उंचीवर करावी.

जूनमध्ये पहिले पाऊस झाले की निरोगी वेलीचे तीन-चार पेरांचे तुकडे घ्यावेत. एकाच ठिकाणची वेल उपटू नये. थोडे थोडे तुकडे निरनिराळ्या जागांवरून घ्यावेत, म्हणजे टेकडी उघडी पडत नाही. किमान दोन पेरे वाळूत आडवी पुरून शेंडा बाहेर ठेवावा. दोन तुकड्यांत सुमारे एक मीटर अंतर पुरते. पावसाने ओढ दिली तर मुळे धरेपर्यंत पाणी द्यावे, पुढे त्याची फारशी गरज राहत नाही.

बियांपासूनही रोपे होतात. वाळलेल्या बोंडातील केसाळ बियांचे कवच अतिशय कठीण असते. ते एका बाजूने पॉलिश पेपरवर घासून बिया रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. शेणखत व रासायनिक खते टाळावीत, कारण त्यामुळे पाने माजतात व फुले कमी येतात.

काळजी

ही वेल पायदळी तुडविलेली सहन करीत नाही. जाण्यायेण्यासाठी पायवाट आधीच आखून ठेवावी. भाजीचे वाफे व लहान रोपे यांवर ती चढू पाहते, तेव्हा वर्षातून दोनदा कडा छाटाव्यात. छाटलेले तुकडे उघड्या वाळूत लावता येतात. लोकपरंपरेत तिचे औषधी उपयोग सांगितले जातात, परंतु बिया रेचक असल्याने घरगुती प्रयोग करू नयेत.

3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळ-सुपारीच्या अनेक बागा आडव्या झाल्या. असे वादळ कोणतीही वेल थोपवू शकत नाही. मात्र वाळूची टेकडी शाबूत असेल तर उधाणाच्या लाटांचा पहिला मारा ती झेलते. समुद्र नीट दिसावा म्हणून टेकडी सपाट करणारा मालक आपलेच कुंपण मोडत असतो. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनीही वाळूच्या टेकड्यांना संरक्षण दिले आहे.

बँकेतील ठेव हळूहळू वाढते, तशीच मर्यादवेलीने साठविलेली वाळू. पहिल्या वर्षी ती डोळ्यांत भरत नाही, पण अडचणीच्या दिवशी तीच उपयोगी पडते.