चार बोटांची फट

पलंगाला जोडायचा बाळाचा पाळणा घ्यायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी आपल्या पलंगाखाली पाय घालून बघा. पाय आत जात नसेल, तर तो पाळणा आपल्या घरासाठी नाही. हे कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. खोक्यातल्या माहितीपत्रकात होतं, पण चित्रातून, आणि चित्रातला पलंग चार पायांचा होता. आमच्या वणीत आता घरोघरी पेटीचे पलंग आहेत. वर गादी, खाली पितळी भांडी, लग्नातल्या साड्या आणि पाहुण्यांच्या रजया.

लेक बाळंतपणाला आली ती मार्गशीर्षात. सप्तशृंगगडाकडून वारा सुटला की आमच्याकडे पहाटे पाण्यात हात घालवत नाही, असे दिवस. पहिली खेप, त्यात सिझर. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि बाळाला तर दर दोन-अडीच तासांनी पाजायचं. म्हणून पुण्याहून जावयांनी हा पाळणा कुरियरने पाठवला. तीन बाजूंना जाळी, चौथी बाजू खाली पडते आणि आईच्या गादीला येऊन भिडते. कल्पना चांगलीच आहे. बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणात असावं, निदान पहिले सहा महिने, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये आपल्या सूचना नव्याने काढल्या, त्यातही हेच आहे.

अडचण आमच्या पलंगाची होती. या पाळण्याचे पाय खाली आडवे पसरलेले असतात. ते पलंगाखाली सरकले, तरच पाळणा पलंगाला चिकटतो. पेटीच्या पलंगाला खाली जागाच नाही. पाय पेटीच्या फळीला अडले आणि पाळणा आणि गादी यांच्यात माझी चार बोटं सहज जातील एवढी फट राहिली. सोबत दिलेला पट्टा पलंगाच्या चौकटीभोवती आवळायचा होता. पेटीला चौकट कुठून आणायची? यजमानांनी द्राक्षबागेतली सुतळी आणून बांधून पाहिली. शेतकऱ्याला सुतळीने सगळं जमतं असं वाटतं. रात्री लेक कुशीवर वळली, कोपराचा धक्का लागला, चाकं फरशीवर घसरली आणि चार बोटांची वीतभर फट झाली. बाळाच्या पायावरचं दुपटं त्या फटीत उतरलं होतं. बाळ होतं तिथेच होतं, शांत झोपलेलं. मी मात्र उरलेली रात्र बसून काढली.

सासूबाईंनी सकाळी फटीत गोधडीची गुंडाळी खुपसली. कोणालाही पहिल्यांदा हेच सुचेल, आणि हेच सगळ्यात वाईट. गोधडी दबते, सरकते, वर येते. नवजात बाळाला मान उचलता येत नाही. तोंड मऊ कापडात किंवा फटीत रुतलं, तर ते वळवण्याची ताकद त्याच्यात नसते. मोठा माणूस गुदमरला तर धडपडतो, आवाज करतो. एवढं लहान बाळ आवाजही करत नाही. म्हणून फट भरायची नसते. फट राहणारच नाही असा पाळणा हवा, नाहीतर तो पलंगापासून सरळ वेगळा करायचा.

आम्ही वेगळा केला. चौथी बाजू वर चढवून खटका लावला, चाकांचे ब्रेक दाबले आणि पाळणा पलंगापासून हातभर दूर ठेवला. लेकीला उठून बसावं लागायचं, बाळ उचलून द्यायला मी किंवा तिचे वडील. जावयांना फोनवर वाईट वाटलं, "आई, मग एवढा खर्च कशाला केला?" मी म्हटलं, "खर्च वाया नाही गेला. चार बाजूंची चांगली खाट मिळाली."

तुमच्या पलंगाला खाली जागा असेल, तरी दोन गोष्टी हाताने तपासा. पट्टा आवळल्यावर पाळणा जोराने ओढून पाहा. बोटभरही सरकता कामा नये. आणि खाली पाडलेल्या बाजूची जी कड उरते, ती बाळाच्या गादीच्या वर निदान चार इंच राहिली पाहिजे. कडच नसेल तर बाळ आईच्या गादीवर आणि आईची रजई बाळावर, दोन्ही होतं. आपल्या कापसाच्या गाद्या पिंजून आणल्यावर फुगलेल्या असतात आणि दोन-तीन महिन्यांत बसतात, तेव्हा आज जुळलेली उंची पुढच्या महिन्यात जुळेलच असं नाही. आठवड्यातून एकदा हात फिरवायचा.

आता आत काय ठेवायचं. घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, आणि बाळ. बस. दुकानदार गादीसोबत उशी, लोड, कडेला बांधायच्या फुगीर झालरी आणि एक कापडी हत्ती असा सगळा सेट देतो. ते सगळं कपाटात गेलं. सासूबाईंचा खरा जीव मोहरीच्या उशीत होता. डोकं गोल व्हायला हवं ना! त्यांच्या हाताखाली पाच मुलं वाढली, सगळ्यांची डोकी गोल आहेत, हे मला मान्यच आहे. पण उशीने मान पुढे वाकते, आणि तान्ह्या बाळाची श्वासनळी एवढी अरुंद आणि मऊ असते की हनुवटी छातीला टेकली तरी ती दबते. डोक्याला आकार यावा म्हणून दुसरा उपाय आहे: बाळ जागं असताना, आपल्या नजरेसमोर, थोडा वेळ उपडं ठेवायचं. मोहरी शेवटी लोणच्यात गेली.

झोपवायचं मात्र पाठीवरच. यावर आमच्याकडे खूप बोलणं झालं, कारण पाठीवर बाळाला दूध वर आलं तर ठसका लागेल ही भीती प्रत्येक आजीला असते. मलाही होती. बालरोगतज्ज्ञांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ पाठीवर असताना श्वासनळी वर असते आणि अन्ननळी खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनळीत जायचं तर चढ चढावा लागतो. उपडं झोपवलं की नेमकं उलटं होतं, श्वासनळी खाली येते. इंग्लंडने 1991 मध्ये आणि अमेरिकेने 1994 मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम काढली. त्यानंतर काही वर्षांतच झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू अमेरिकेत जवळजवळ निम्म्यावर आले. कुशीवर झोपवणंही नको, कारण कुशीवरचं बाळ कलंडून उपडंच पडतं.

थंडीचं काय, हा प्रश्न मात्र पुस्तकातल्या सूचना वाचून सुटत नाही. बाळाजवळ सुटं पांघरूण नको म्हणतात. डिसेंबरात वणीला बिनपांघरुणाचं बाळ कसं ठेवायचं? इथे मला गडचिरोलीतलं काम आठवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, आणि घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्या पद्धतीने तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. त्या काळजीत बाळाला उबेत ठेवण्यासाठी झोपण्याची पिशवीही होती. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात, त्याचं मूळ तिथे आहे. आमच्या शिंप्याकडून मी फ्लॅनेलची तशीच पिशवी शिवून घेतली. हात बाहेर, गळा बेताचा, खाली पाय हलवायला मोकळी जागा. कुंची आणि बंदाचं टोपरं बाहेर नेताना. झोपेत टोपरं डोळ्यांवरून नाकावर सरकतं. बाळ फार कमी वजनाचं असेल, तर टोपीचं डॉक्टरांनाच विचारा. ऊब पुरेशी आहे का हे पाहायला आशाताईंनी सोपी खूण शिकवली. पोट आणि तळपाय दोन्ही गरम असले तर ठीक. पोट गरम आणि तळपाय गार असले तर बाळाला थंडी वाजतेय. मानेमागे घाम असेल तर एक कपडा काढायचा. आजीला स्वतःला थंडी वाजली की ती बाळावर आणखी एक दुपटं घालते, हे मी स्वतःवरूनच सांगते.

आणि शेगडी. बाळंतिणीचा शेक आणि ओव्याची धुरी झाली की निखारे खोलीबाहेर गेले पाहिजेत, दार उघडलं पाहिजे. बंद खोलीत कोळशाच्या निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास ना रंग. त्यापुढे कोणताही पाळणा काय करणार?

झोळीबद्दल लिहायला जरा जड जातं. सुरगाणा-पेठकडून द्राक्षांच्या कामाला येणाऱ्या बाया बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधतात, बाळ त्यात निवांत झोपतं, आणि त्यांच्याजवळ दुसरा इलाज नसतो. त्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण ज्यांना इलाज आहे, त्यांनी झोळी दिवसा, नजरेसमोर, थोड्या वेळापुरतीच वापरावी. झोळीत पाठ गोल होते, हनुवटी छातीवर येते, आणि वरून साडीचे काठ मिटतात. रात्रभराच्या झोपेची ती जागा नाही. बारशाचा लाकडी पाळणा त्याहून बरा, जर तळ सपाट असेल आणि गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरहून जास्त नसेल. जुन्या पाळण्यांत ते बरेचदा जास्त असतं. बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. रात्री मात्र पाळणा हलणार नाही असा बांधून ठेवायचा, आणि वरची खेळणी, गोंडे, दोऱ्या काढून ठेवायच्या.

बाळाला तिरपं झोपवायचे, उतरत्या पाठीचे स्लीपर तर नकोच, कितीही गोड दिसले तरी. फिशर-प्राइस कंपनीचा 'रॉक न प्ले' हा असाच उतरत्या पाठीचा स्लीपर अमेरिकेत दहा वर्षं धडाक्यात विकला गेला. एप्रिल 2019 मध्ये कंपनीला तो परत मागवावा लागला. सुमारे 47 लाख नग, आणि तोवर त्यात तीसहून अधिक बाळं दगावल्याची नोंद झाली होती. 2022 मध्ये तिथे कायदाच झाला: दहा अंशांहून जास्त उताराची बाळाची झोपण्याची वस्तू आणि कडेच्या फुगीर झालरी विकायच्या नाहीत. मी फोनवर पाळणे शोधत होते तेव्हा दोन्ही वस्तू मला दिसत होत्या, वर चांगले शेरे आणि चांदण्यांसकट. नावाजलेली कंपनी, महाग किंमत, परदेशी शिक्का, यातलं काहीही हाताने तपासण्याची जागा घेत नाही.

पैसे नसतील तर? वेगळा पाळणा लागतोच असं नाही. राज्य सरकारने 2019 मध्ये सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण होणाऱ्या आईसाठी दोन हजार रुपयांच्या बेबी केअर किटची योजना काढली. त्यात बाळाची छोटी गादी, मच्छरदाणी, चटई, ब्लँकेट, ताप मोजायचं यंत्र असं सामान आहे. जमिनीवर आईचं अंथरूण आणि त्याच्याशेजारी हातभर अंतरावर बाळाची स्वतःची सपाट, घट्ट गादी, ही व्यवस्था माझ्या मते पेटीच्या पलंगाला सुतळीने बांधलेल्या महाग पाळण्यापेक्षा कितीतरी चांगली. भिंतीला लागून मात्र गादी नको, तिथेही फट होते. मच्छरदाणीचा कापडी घेर बाळाच्या तोंडावर येणार नाही एवढी ती मोठी हवी.

बाळाला आपल्याच अंथरुणात घेऊन झोपण्याची आपली रीत आहे, आणि पाजताना डोळा लागतो हेही खरं. लागला, तर जाग आल्याबरोबर बाळ त्याच्या जागी ठेवायचं. पण घरात एक माणूस असा असतो की त्याच्या कुशीत बाळ अजिबात द्यायचं नाही. आमच्याकडे ते यजमान. थंडीची लाट आली की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. चारला घरी आलेला, धुराने माखलेला, झोपेने मेलेला माणूस नातीला म्हणतो, "ये गं, आजोबांजवळ." दमलेल्या माणसाची झोप फार गाढ असते, हात अंगावर पडला तरी त्याला कळत नाही. दारू घेतलेला, झोपेच्या गोळ्या चालू असलेला, बिडी-सिगारेट ओढणारा, यांच्याशेजारी तर धोका आणखी वाढतो. यजमान दोन दिवस रुसले. मग आंघोळ करून, चहा पिऊन, जागे असताना नातीला मांडीवर घेऊन बसायला लागले.

बाळ कुशीवर वळायला किंवा हातांवर अंग उचलायला लागलं की हा पलंगाचा पाळणा बंद करायचा, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात. एवढ्या थोड्या दिवसांसाठी नवा घ्यायचा का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. जुना घेणार असाल तर सगळे स्क्रू, पट्टा आणि मूळची गादी आहे का बघा. दुसरीकडची गादी टाकली की कडेला पुन्हा फट आलीच.

लेक संक्रांतीनंतर पुण्याला गेली. तिथला पलंग लोखंडी, चार पायांचा. जावयांनी आधी टेप लावून मोजमाप पाठवलं, तेव्हाच मी पाळणा गाडीत घालू दिला. पट्टा त्यांनी माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर आवळला आणि ओढून दाखवला. पहिल्यांदा सरकला. दुसऱ्यांदा नाही.