चांदीच्या भावाचा रुपया

तो रुपया चांदीच्या भावानं घेऊन पुढे कितीला विकला, हे त्या माणसानं मला आजवर सांगितलेलं नाही. गावात मात्र 'याले हंडा सापडला' अशी आवई उठली, आणि किराणा दुकानापासून कापसाच्या काट्यापर्यंत हंड्याचे टोमणे मीच ऐकले. तळेगाव-तिवसा पट्ट्यात आता आणखी काही पोरांनी धातू शोधायचं मशीन मागवल्याचं कानावर येतं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

नदीबद्दल मला जे कळतं ते सरांना कळत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. सर म्हणजे शहरातले जुन्या नाण्यांचे संग्राहक. नाव घेत नाही. वर्धेचं पात्र दर पावसाळ्यानंतर वेगळं असतं. वर सिंभोऱ्याला अप्पर वर्धाचं धरण आहे. त्याची दारं ज्या वर्षी जास्त उघडतात, त्या वर्षी वाळू जास्त सरकते. दिवाळीनंतर पाणी उतरलं की वळणाच्या आतल्या अंगाला नवी वाळू पसरलेली दिसते. नवखे तिथंच मशीन फिरवत बसतात. जड वस्तू त्या गुळगुळीत वाळूवर नसते. ती खाली खडकाच्या फटीत बसते, नाहीतर पुलाच्या खांबामागे, जिथं धार मंदावते तिथं. कोकणातल्या किनाऱ्यावरही वेगळं नाही. पावसाळी लाटांनी वाळू ओढून नेली आणि खालचा कठीण थर उघडा पडला की शोधायचं. तिथं ओल्या खारट वाळूत साधं मशीन उगाच ओरडतं. आपल्याकडे काळी रेती ओरडते. हा सगळा काळ्या दगडाचा मुलूख, त्यामुळे रेतीत लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण फार. जमिनीप्रमाणे मशीन जुळवून न घेता चालू केलं, तर दिवसभर रेतीच उपसाल. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी पोलादी असल्यानं लोखंडासारखी वाजतात. चांदीचा सूर निराळा, एकदा ऐकला की विसरत नाही.

महामार्गावरच्या पुलाखाली मला तोच सूर ऐकू आला. बसमधून नदीला पैसा टाकायची रीत जुनी आहे, पण हा रुपया कुणाच्या तरी गळ्यातला असावा. राजाच्या मुकुटावर, कडेला, कडी बसवायला सोनारानं दिलेला डाग होता आणि त्याखाली एक तिरपी चीर. साल 1911, पंचम जॉर्ज. सरांनी तो हातात घेतला, डागावर नख फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "भाऊ, हार मोडलेला माल आहे. चांदीच्या भावापुढे याला कोणी विचारणार नाही." मी म्हटलं, तहसीलात विचारून पाहू का? तर म्हणे, "एका नाण्यासाठी कुठे अर्ज करता?"

महिन्या-दोन महिन्यांनी पुतण्या मोबाइल घेऊन आला. "काका, हा रुपया तुमच्यासारखाच आहे न?" लिलावाची यादी होती. वर लिहिलं होतं 'डुक्कर रुपया'. तेव्हा कळलं की 1911 च्या नाण्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसायचा. त्यावरून ओरड झाली, सरकारला नाणी मागं घ्यावी लागली आणि पुढच्या वर्षी हत्तीचं चित्र सुधारलं. म्हणून या सालाला मागणी. पण मी हत्तीकडे पाहिलंच नाही. फोटो मोठा केला, मुकुटावर गेलो. तोच डाग. डागाखाली तीच तिरपी चीर. ज्या खोटेवर बोट ठेवून माझा भाव पाडला, त्याच खोटेनं माझा रुपया मला ओळखू आला.

फोन केला. "सर, तुमी तं मोडीचा माल म्हनत होते." पलीकडे जरा वेळ काही नाही. मग अगदी शांतपणे, "भाऊ, डाग दिलेली नाणी शेकड्यानं असतात. तुमच्याकडे पावती आहे का?" त्यानंतर माझा नंबर त्यांच्या फोनवर लागलेला नाही. पावती मागणारा हाच माणूस माझ्या ओसरीवर बसून ज्वारीची भाकर अन् ठेचा खाऊन गेला होता.

तर आता कामाचं. नाणं कुणालाही 'ओळखायला' देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. सोनाराच्या काट्यावर वजन करा. त्या काळचा अख्खा रुपया 11.66 ग्रॅम भरतो. डाग, चीर, टवका जे असेल ते लिहा आणि खाली घेणाऱ्याची सही घ्या. सही द्यायला जो खळखळ करतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. चिंच, लिंबू, राखुंडीनं नाणं घासू नका. माणसं पारखून घ्या, हे तर कुणीही सांगेल.

कायद्याचं सरांना सगळं ठाऊक होतं, फक्त सांगायचं नव्हतं. 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांवर किमतीचं, जमिनीत दडलेलं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, कुठं, कधी. लपवलं तर वाटा जातो, वर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं, जमीनमालक पुढे आला आणि आपसात करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन-चतुर्थांश. इंग्रजांच्या कायद्यानं सरांपेक्षा मला बरा वाटा ठेवला होता. आपली नदी दोन जिल्ह्यांची शीव आहे. अलीकडे वर्धा, पलीकडे अमरावती. कोणत्या काठावर उभे होतात ते अर्जात लिहा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. फावडं घेऊन पात्रात दिसलात तर वाळूचोर समजून हटकतील, म्हणून हाती खुरपंच ठेवा.

सरांची खरी नजर नदीकाठच्या जुन्या कौंडण्यपुरावर होती. "रात्री पांढरीच्या टेकाडावर मशीन फिरवू," म्हणाले. मी साफ नाही म्हटलं, हे गावातल्या हंडावाल्यांनी लक्षात ठेवावं. तिथं 1960 च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी थर मोजत उत्खनन केलं. आपण खड्डा पाडला की ते थरच मोडतात. 1939 साली तऱ्हाळ्याला सातवाहनांची दीड हजारांवर नाणी सापडली. ती इतिहास संशोधक मिराशींच्या अभ्यासाला मिळाली, म्हणून कुंभ, कर्ण असे पुराणांच्या यादीत नसलेले राजे आपल्याला कळले. सरांसारख्यांच्या खिशात गेली असती, तर राजे गेले असते आणि नुसता धातू उरला असता.

आणि ते दोन अँटेनांचं, 'दहा फुटांवरचं सोनं दाखवणारं' यंत्र कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. चांगलं मशीनही रुपयाएवढं नाणं वीतभर खोलीपर्यंत दाखवतं, फार तर थोडं खाली. इंग्लंडच्या जेम्स मॅकॉर्मिकनं असल्याच अँटेनेच्या डब्या बॉम्ब ओळखणारी यंत्रं म्हणून इराकला विकल्या. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे अशा यंत्रामागून मांत्रिक येतो, त्याच्यामागून पायाळू माणसाचा शोध सुरू होतो, आणि मग गोष्ट 2013 च्याच जादूटोणाविरोधी कायद्यापर्यंत जाते.

यंदाही पाणी उतरल्यावर सरांनी दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून निरोप धाडला, नवी वाळू कुठे पडली म्हणून. मी उलट निरोप दिला: आधी त्या रुपयाची पावती पाठवा.