अर्ध्या ‘र’चे टंकलेखन

‘आचार्यांना मानधन द्यावे’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन द्यावे’ या वाक्यांत भेद एका अर्ध्या ‘र’चा, परंतु पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात शाळेत स्वयंपाक करणारे. हे अक्षर संगणकावर उमटत नाही, हा समज खरा नव्हे. ‘र’, हलन्त व ‘य’ टंकल्यास रफार येतो, परंतु युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र संकेतांक आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टची कळ धरून ‘जे’ दाबावी, म्हणजे ‘ऱ’ येतो. मग ‘डी’ने हलन्त आणि पूर्णविरामाशेजारील तिरप्या रेषेच्या कळीने ‘य’. मोबाइलवरही ‘ऱ’, हलन्त, ‘य’ हाच क्रम. ‘शेतकर्यांची यादी’ असे टंकलेले कागद पुढे ‘शेतकऱ्यांची’ म्हणून शोधल्यास पुष्कळदा सापडत नाहीत. यंत्राच्या लेखी ते शब्दच निराळे.