सायनसचा पडदा फाटला, तर थांबा

वरच्या दाढा पडून बरीच वर्षं गेली की तिथलं हाड झिजतं, सायनस खाली उतरतो आणि इम्प्लांटला आधार उरत नाही. मग सायनसचा पडदा उचलून त्याखाली बोन ग्राफ्ट भरावं लागतं. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पडदा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. सरावलेल्या हाताखालीही तो फाटतो.

एका शिक्षिकाबाईंच्या सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) सायनसमधला हाडाचा दुभाजक दिसला होता. शस्त्रक्रियेत हाडात कापलेल्या खिडकीतून निळसर पडदा श्वासागणिक हलत होता. दुभाजकाच्या कडेवरून तो सोडवताना हलणं थांबलं आणि रक्तात बुडबुडे आले. पडदा फाटला होता.

अशा वेळी हात आपोआप छिद्राकडेच जातो. तो आवरा. आधी छिद्रापासून लांबच्या बाजूंनी पडदा मोकळा करा. ताण सुटला की कडा जवळ येतात. पाचेक मिलिमीटरपर्यंतचं छिद्र विरघळणाऱ्या कोलॅजन मेम्ब्रेनने बहुधा नीट झाकलं जातं. तुकडा छिद्रापेक्षा चांगला ऐसपैस कापा, आणि भिजल्यावर तो सरकत नाही ना, हे पाहूनच ग्राफ्टला हात लावा. फाटणं दहा मिलिमीटरच्या पुढे गेलं आणि ठिगळ टिकेल याची खात्री नसेल, तर ग्राफ्ट न भरता टाके घाला.

बाईंच्या बाबतीत मी तेच केलं. त्या हिरमुसल्या. "डॉक्टर, म्हणजे पुन्हा सगळं?" पुन्हा सगळंच होतं, पण काही महिन्यांनी पडदा भरून आल्यावर काम नीट झालं.

याच्या उलटही पाहिलंय. दुसरीकडे घाईने ग्राफ्ट भरलेले एक गृहस्थ आले, तेव्हा ग्राफ्टचे कण सायनसमध्ये पसरले होते आणि नाकातून दुर्गंधी पू येत होता. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून सायनस साफ करून घ्यावा लागला. म्हणून माझं मत ठाम आहे: शंका असताना ग्राफ्ट भरू नये.

रुग्णांनो, जुनी सर्दी, सायनसचा त्रास, सिगारेट, काहीही लपवू नका. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, स्ट्रॉने काही पिऊ नका, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करा. आणि निघताना पडदा शाबूत राहिला का, हे विचारून उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.