परवान्याची घाई

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या याद्या झळकू लागल्या की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांत संगणकशाखेच्या जोडीला अलीकडे आणखी एक प्रश्न आवर्जून असतो. मुलगा आयटीआयतून इलेक्ट्रिशियन झालेला किंवा विद्युत पदविकेच्या अखेरच्या वर्षात शिकणारा. त्याने कुणाची चाकरी न करता ताबडतोब परवाना काढून स्वतःची विद्युत ठेकेदारी सुरू करावी, भांडवल आम्ही उभे करू, असे वडील सांगतात, आणि मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. संगणकाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून या दुसऱ्या प्रश्नाचेच उत्तर येथे सविस्तर देतो, आणि ते स्पष्ट नकारार्थी आहे.

परवाना हा या धंद्यातील सोपा भाग होय. ठेकेदाराच्या पदरी सक्षमतेचा दाखला असलेला पर्यवेक्षक आणि परवानाधारक वायरमन असावेत, एवढी कायद्याची अपेक्षा आहे, आणि ती रीतसर अर्ज करून पुरी करता येते. परंतु हा धंदा बुडतो तो विजेच्या अज्ञानाने क्वचितच. तो बुडतो पैशाच्या अडकण्याने.

इमारतीच्या कामात विजेचा ठेकेदार फार लवकर येतो आणि फार उशिरा मोकळा होतो. स्लॅब ओतण्यापूर्वी सळईच्या जाळीवर पाइप आणि जंक्शन बॉक्स बसवावे लागतात. काँक्रीट पडत असताना तेथे आपला माणूस उभा नसेल तर पाइप चेपतो किंवा सांध्यातून सुटतो, आणि हे कळते ते कित्येक महिन्यांनी, गिलावा होऊन तारा ओढावयाची वेळ आली म्हणजे, जेव्हा तयार भिंत फोडण्याचा खर्च ठेकेदाराच्याच माथी बसतो. दर मात्र पॉइंटमागे इतके रुपये असा निविदा भरतानाच ठरलेला असतो. ज्या तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजाराबरोबर हलतो, त्या तांब्याची तार वर्षा-दीड वर्षाने खरेदी करावयाची आणि दर मात्र जुनाच लावावयाचा. करारात भाववाढीचे कलम नसेल, आणि लहान ठेकेदाराच्या करारात ते बहुधा नसतेच, तर सारा नफा येथेच संपतो.

त्यापुढचे संकट कराचे. 10 लाखांच्या बिलावर 18 टक्क्यांनी 1 लाख 80 हजारांचा जीएसटी लागतो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेऊन उरलेली रक्कम पुढील महिन्यात सरकारजमा करावी लागते, मग बिल्डरने पैसे दिलेले असोत वा नसोत. प्रत्येक बिलातून अनामत म्हणून बहुधा 5 ते 10 टक्के कापून घेतले जातात आणि दोषनिवारणाची मुदत सरेपर्यंत ते परत मिळत नाहीत. म्हणजे कागदावर दिसणारा नफा हातात येतच नाही. वायरमनची मजुरी आठवड्याला चुकवावी लागते, तारेच्या दुकानदाराचा तगादा महिन्याला येतो, आणि मोजमापाचा वाद मिटून बिल मंजूर होण्यास कधी कधी निम्मे वर्ष लोटते. एकवीस वर्षांच्या मुलाने हे सर्व कशाच्या बळावर सोसावे?

येथे पालकांना मला कठोर शब्द ऐकवावे लागतात. राहते घर तारण ठेवून मुलाला ठेकेदार करू नका. त्याने चार वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली वायरमन म्हणून राबावे, यात ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी आपल्या प्रतिष्ठेची किंमत मुलाच्या कर्जातून वसूल करू नये. ज्याने स्वतः पाइप टाकलेला नाही त्याला कारागिराची चूक ओळखता येत नाही, आणि ज्याने मोजमाप पुस्तिका लिहिलेली नाही त्याला आपलेच बिल पटवून देता येत नाही.

आणि ज्याला स्वतंत्र धंदाच करावयाचा आहे, त्याच्यासाठी एक मार्ग मोकळा पडला आहे, ज्याकडे कुणी पाहत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या शहरांतील जुन्या गृहनिर्माण संस्था, लहान दवाखाने आणि शाळा यांचे वायरिंग पंखे व दिवे एवढ्यांच्याच हिशेबाने झालेले आहे, आणि आज त्याच तारांवर गीझर व वातानुकूलन यंत्रे चालतात. अशा जागी मुख्य स्विच बंद करून 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किट तपासावे. विद्युतरोध 1 मेगोह्मच्या खाली आला तर तार बदलावी, अर्थिंग नव्याने करावे, आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवावा. काम काही दिवसांचे असते, सामानाचे पैसे मालक आगाऊ देतो, बिल्डरच्या दारी खेटे घालावे लागत नाहीत, आणि त्याच संस्थेकडून वार्षिक देखभालीचे काम मिळाले की दरमहा ठराविक रक्कम हाती येऊ लागते. शिवाय या कामाने माणसांचे प्राण वाचतात, हे मी गौण मानत नाही.

तेव्हा यंदा पदविका किंवा आयटीआय पुरे करणाऱ्या मुलाने एखाद्या जाणत्या ठेकेदाराकडे नोकरी धरावी, दिवसा साइटवर काम करावे, सायंकाळी त्याच ठेकेदाराच्या कार्यालयात बसून बिले आणि कराची विवरणे तयार करावयास शिकावे, आणि मधल्या काळात पर्यवेक्षकाचा दाखला मिळवावा. पुढे तो परवान्याचा अर्ज करील, त्या वेळी भांडवल किती लागेल हे वडिलांनी त्यालाच विचारावे.